खिदमतीचा दाखला

हजला जाणाऱ्यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. हाजींच्या सोबत जाऊन त्यांची सेवा करणाऱ्यांविषयी मात्र कमी लिहिलं जातं. पूर्वी त्यांना खादिम-उल-हुज्जाज म्हणत. आता सरकारी कागदावर त्यांचं नाव ‘राज्य हज निरीक्षक’ असं झालं आहे; पण आमच्याकडच्या हाजींच्या तोंडी अजून ‘खादिम’च आहे. साधारण दीडशे हाजींमागे एक खादिम असतो. तो सरकारी किंवा निमसरकारी नोकरीतला असतो. हाजींना इमारतीत खोल्या मिळाल्या का, कुणी हरवलं का, कुणाला दवाखान्यात न्यायचं आहे का, मिनाच्या तंबूत कुणाची औषधं संपली का, हे सगळं त्यानं पाहायचं. म्हणून तो स्वतः धडधाकट आहे, असा वैद्यकीय दाखला त्याच्याकडून घेतला जातो.

हा एक कागद मिळवण्यासाठी आम्ही दोघं पती-पत्नी गेल्या साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावातून निघालो आणि चार दिवस मुंबईत राहिलो. त्या चार दिवसांची ही हकीकत आहे. आमच्यापैकी एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून इथेही मास्तरच म्हणू. दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेविका. २०२५च्या, म्हणजे हिजरी १४४६च्या हजसाठी मास्तरांनी खादिम म्हणून अर्ज भरला होता आणि यादीत त्यांचं नाव आलं होतं. घरात मिठाई वाटून झाली होती. शाबान सुरू होता. रमजानपूर्वी दाखला हातात आला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

तपासणी म्हणजे औपचारिकता, असं आम्ही धरून चाललो होतो. वजन, उंची, बीपी, डोळे, साखर, रक्तगट, हिमोग्लोबिन, ईसीजी, सगळं नीट झालं. शेवटी छातीचा एक्स-रे. तो काढणाऱ्यानं मास्तरांना परत आत बोलावलं आणि दुसऱ्यांदा फिल्म काढली. मग डॉक्टरांनी ती उजेडासमोर धरली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूला पांढरट रेघांचा एक पुंजका होता.

“पूर्वी कधी टीबी झाला होता?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” मास्तर म्हणाले.

अर्जासोबतच्या आरोग्याच्या कागदावरही त्यांनी त्या प्रश्नापुढे ‘नाही’ असंच लिहिलं होतं. आमच्यापैकी जी आरोग्य सेविका, ती शेजारीच उभी होती. तिनंही मान हलवून सांगितलं, “नाही डॉक्टर, घरात कुणालाच नाही.” ती खरं समजून बोलली होती.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “छातीच्या तज्ज्ञांचं मत आणा. त्याशिवाय मी सही करू शकत नाही.”

जिल्ह्यातही तज्ज्ञ होते, पण मास्तर म्हणाले, “मुंबईला जाऊ. नागपाड्याला मामू आहेत.” दुसऱ्या दिवशी मांडवी एक्स्प्रेसनं निघालो. गाडी रोह्याच्या पुढे गेल्यावर, समोरचे प्रवासी झोपलेले पाहून, मास्तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “झाला होता. १९९६ साली. मी सोळा वर्षांचा होतो.”

आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. आमच्यापैकी एकीच्या हातून याच काळात कितीतरी क्षयरुग्णांनी गोळ्या घेतल्या होत्या. “लपवू नका, हा आजार बरा होतो,” असं दारोदार सांगत ती फिरत होती, आणि तिच्याच घरात हे लपलेलं होतं. पनवेल गेलं, ठाणं गेलं, आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दादरला उतरून टॅक्सी केली तेव्हाही पत्त्याखेरीज दुसरा शब्द निघाला नाही.

*

नागपाड्यातली मामूंची खोली जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आहे. लाकडी जिना, समाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ. मामूंनी दार उघडलं, मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली फिल्म पाहिली. सलामाच्या पाठोपाठ ते म्हणाले, “सापडलं वाटतं.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असणारच, कारण आजारी मुलाला ठेवलं होतं ते याच खोलीत.

जेवणानंतर सगळी गोष्ट बाहेर आली. मास्तरांचे अब्बा खलाशी होते. मुंबईहून जिद्द्याला हाजी घेऊन जाणाऱ्या जहाजांवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली. कोकणातल्या खाडीकाठच्या मुस्लिम घरांना मुघल लाईन हे नाव परकं नाही. ‘मुहम्मदी’, ‘मुजफ्फरी’, ‘अकबर’ ही जहाजांची नावं आमच्याकडे नातेवाइकांच्या नावासारखी घेतली जात. ही कंपनी १८७७ साली सुरू झाली आणि १९८६ साली शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. मुंबईहून जहाजानं होणारा हजचा प्रवास १९९५ साली कायमचा थांबला. अब्बा त्या वेळी घरी आले ते दुसरं जहाज शोधायच्या विचारात. आणि पुढच्याच वर्षी थोरल्या मुलाला खोकला लागला, संध्याकाळचा ताप येऊ लागला, एकदा बेडक्यात रक्त दिसलं.

खलाशाला जहाजावर चढण्याआधी डॉक्टरसमोर उभं राहावं लागतं. घरात टीबी आहे हे कळलं तर आपल्यालाही कुणी घेणार नाही, ही अब्बांची भीती. घरात दोन मुली लग्नाच्या, ही अम्मींची भीती. म्हणून मुलगा ‘मुंबईला शिकायला गेला’ असं गावात सांगितलं गेलं. तो आठ महिने या खोलीत राहिला. पहिले दोन महिने रोज इंजेक्शन, पुढे नुसत्या गोळ्या. मामी त्याच्यासाठी वेगळा पेला आणि वेगळी ताटली ठेवायच्या आणि रोज अंडं द्यायच्या. आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, बरा झाला. मुलगा गावी परतला, दहावीला बसला. त्यानंतर घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. लग्नाच्या वेळीही नाही.

“मी सांगणार होतो,” मास्तर म्हणाले. “अम्मींनी शपथ घातली. मग एक वर्ष गेलं, दोन गेली. नंतर सांगायचं काय आणि कसं, तेच कळेना.”

त्या रात्री आमच्यातली एक बराच वेळ गॅलरीत उभी होती. रागावण्यासारखं होतंच. पण राग कुणावर धरायचा? आजार झाला तो सोळा वर्षांच्या पोराला. लपवला तो भेदरलेल्या आईनं. आणि ती भीती खोटी नव्हती. टीबीचं नाव निघालं म्हणून मोडलेली लग्नं आरोग्य सेविकेनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहेत.

*

सकाळी नाश्त्याला खाली उतरलो तर मामूंच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. बोलता बोलता त्यांना अंदाज आला. चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, “मास्तर, एवढ्यासाठी कशाला हिंडता? दुसऱ्या कुणाची साफ फिल्म घ्यायची, वर तुमचं नाव. हजार-दोन हजारांचं काम. शेवटी तुम्ही चाललात कशाला? सवाबाच्या कामाला. निय्यत साफ आहे ना?”

खरं सांगायचं तर आम्ही तेव्हाच्या तेव्हा ‘नाही’ म्हणालो नाही. “बघू,” म्हणालो. दोघांनाही मनातून वाटलं की आजार तर २९ वर्षांपूर्वीचा, बरा झालेला. मग एका डागापायी ही संधी का घालवायची?

डोकं हलकं करायला चालत निघालो. खादिमला तिकडे मैलोन्‌मैल चालावं लागतं, तेव्हा सवय झालेली बरी, असंही मास्तर म्हणाले. नागपाड्याहून जे. जे. रुग्णालयापाशी आलो. हे रुग्णालय १८४५ सालचं. शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी याच महाविद्यालयातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १८९७च्या जानेवारीत ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लोक लशीला भीत होते. तेव्हा तरुण आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह, यांनी लोकांदेखत स्वतःला लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी आपली एक वास्तू दिली. पुढे १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तीच.

याच प्लेगमुळे १८९७ साली मुंबईहून हजला जाणारी जहाजं सरकारनं बंद केली होती. कितीतरी लोकांनी आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधली असेल आणि गोदीपर्यंत येऊन परत गेले असतील. त्यांच्यातही धडधाकट माणसं असतीलच. एकाच्या अंगातला आजार हजारोंच्या गर्दीत काय करतो, याचा धडा त्याआधी जगानं घेतलेला होता. १८६५ साली मक्केत कॉलरा पसरला, हजारो हाजी दगावले आणि परतणाऱ्यांबरोबर तो इजिप्तमार्गे युरोपापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. १८८२ साली तुर्की सरकारनं तांबड्या समुद्रात यमनजवळच्या कामरान बेटावर विलगीकरण केंद्र उघडलं. हिंदुस्थानातून जाणाऱ्या हाजींची जहाजं तिथे थांबवली जात. माणसांना उतरवून घेत, कपडे वाफेच्या भट्टीतून काढत, आणि दिवस मोजत बेटावर ठेवत. ते केंद्र १९५२ सालापर्यंत चाललं. अब्बांच्या आधीच्या पिढीतले खलाशी कामरानच्या उन्हाच्या आणि पाण्याच्या गोष्टी सांगत, त्या मास्तरांनी लहानपणी अब्बांकडून ऐकल्या होत्या.

उड्डाणपुलाच्या सावलीतून मुहम्मद अली रोडनं चालत राहिलो. मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत रमजानची तयारी सुरू झाली होती. खजुराची खोकी उतरत होती, टोप्या आणि अत्तराच्या दुकानांत गिऱ्हाइकं होती. क्रॉफर्ड मार्केटच्या पुढे साबू सिद्दीक मुसाफिरखाना. विमानं येण्याआधी गावोगावचे हाजी जहाजाची वाट पाहत इथे बिछाने टाकत. आमच्या गावच्या कितीतरी जणांची हजमधली पहिली रात्र इथेच गेली आहे. तिथून हज हाऊस हाकेच्या अंतरावर.

जोहरची नमाज पढून बसलो असताना मास्तरांनी एक गोष्ट काढली. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर होते आणि सरगपाशी त्यांना कळलं की पुढे ताऊन, म्हणजे साथीचा रोग पसरला आहे. त्यांनी सोबत्यांचा सल्ला घेतला आणि माघारी फिरायचं ठरवलं. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता का, असं हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे जाणं, तेही अल्लाहच्याच हुकुमात आहे. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली: साथ असलेल्या मुलखात जाऊ नये, आणि आपण असलेल्या ठिकाणी साथ आली तर तिथून पळून जाऊ नये.

“मी बरा झालोय असं आपण म्हणतो,” मास्तर म्हणाले. “पण ते आपल्याला कुणी तपासून सांगितलंय? २९ वर्षं झाली. आत काही पुन्हा जागं झालं असेल तर? एका तंबूत किती माणसं असतात? त्यातले निम्मे साठीच्या पुढचे.”

आरोग्य सेविकेला हे सांगायची गरज नव्हती. जुना टीबी कधी कधी पुन्हा उलटतो, वय आणि साखर वाढली की अधिकच, हे ती दुसऱ्यांना शिकवते. दाखला मागतात तो हाजींच्या जिवाची अमानत ठेवायला माणूस योग्य आहे का, हे पाहण्यासाठी. खोट्या फिल्मवर मिळवलेली खिदमत ही अमानतीतली खियानतच. हे आम्हाला सकाळी चहाच्या टेबलावर कळायला हवं होतं. चालून चालून पाय दुखल्यावर कळलं.

तिथल्या एका खिडकीवर आम्ही चुकीचं उत्तर दिल्याचं सांगितलं. कारकुनानं वर पाहिलं. बहुधा असं सांगायला कुणी येत नसावं. “डॉक्टरांना खरं लिहून द्या आणि त्यांचं मत जोडा. फिट म्हणाले तर फिट,” एवढंच तो म्हणाला. संध्याकाळी त्या गृहस्थांना नको म्हणून कळवलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी रुग्णालयाच्या छातीविभागात केसपेपर काढला. रांग मोठी होती. बाकावर आमच्या शेजारी एक तरुण मुलगी तोंडाला ओढणी घट्ट बांधून बसली होती, तिची आई दर पाच मिनिटांनी कुणी ओळखीचं तर नाही ना, म्हणून मागे पाहत होती. मास्तर त्या आईकडे बराच वेळ बघत होते.

आत बाई डॉक्टर होत्या. या वेळी मास्तरांनी विचारायच्या आधीच सगळं सांगितलं. त्यांनी तीन गोष्टी करायला लावल्या. पहिली, बेडक्याची तपासणी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, आणि शिवाय सीबीनॅट यंत्रावर. त्या यंत्रावर सुमारे दोन तासांत जंतू आहेत का आणि औषधाला दाद न देणारे आहेत का, ते कळतं. दुसरी, सहा मिनिटं व्हरांड्यात भरभर चालवून बोटाच्या ऑक्सिमीटरवर प्राणवायू मोजणं. तिसरी गोष्ट त्यांनी मागितली ती आमच्याकडे नव्हती.

“त्या वेळची जुनी फिल्म आहे का? नुसता आजचा फोटो बघून डाग जुना की नवा, हे शंभर टक्के सांगता येत नाही. दोन्ही शेजारी ठेवले तर सांगता येतं.”

२९ वर्षांपूर्वीची फिल्म कोण ठेवतं? तरी मास्तरांनी बाहेर येऊन अम्मींना फोन लावला. टीबी शब्द ऐकताच अम्मी म्हणाल्या, “कसली फिल्म? असं काही झालंच नव्हतं,” आणि फोन ठेवला.

रात्री इशानंतर त्यांचा फोन आला. मास्तरांना नव्हे, सुनेला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, “तांदळाच्या कणगीमागं माझी लोखंडी पेटी आहे. तिच्यात तळाला आहे. जाळणार होते. पण डॉक्टर म्हणाला होता, ही जपून ठेवा, पोराला पुढं लागेल.” थोडं थांबून म्हणाल्या, “बेटी, तुला सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.”

आमच्यातल्या एकीनं काय उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही, कारण ती फक्त रडली. पण त्यानंतर आम्ही दोघं पुन्हा नीट बोलू लागलो.

शेजारचा मुलगा रात्रीच्या खासगी बसनं मुंबईला यायचाच होता. सकाळी त्यानं एक तपकिरी पाकीट आणून दिलं. पाकिटावर मास्तरांचं नाव आणि पत्ता नागपाड्याचा, म्हणजे याच खोलीचा. फिल्मच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. अम्मींना लिहिता येत नाही. त्यांनी तिच्याभोवती सुती ओढणी गुंडाळून दिली होती.

बाईंनी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी लावल्या. आम्हालाही जवळ बोलावलं. “हे बघा. जिथे होता तिथेच आहे, आणि होता तेवढाही राहिलेला नाही. ही जखम भरल्याची खूण आहे.” बेडक्याची तपासणी साफ आली होती, सीबीनॅटमध्येही जंतू नव्हते, चालल्यावर प्राणवायू उतरला नव्हता. त्यांनी कागदावर लिहिलं, की जुना, पूर्ण उपचार झालेला क्षय. सध्या सक्रिय आजार नाही. मग सुनावलंही, “फ्लूची लस घ्या, धुळीत मास्क लावा, आणि दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर खादिमगिरी बाजूला ठेवून तपासून घ्या.” नंतर दुसरीकडे वळून, “आणि तुम्ही आरोग्य सेविका ना? पेशंटला काय सांगता तुम्ही?”

“लपवू नका म्हणून सांगते,” उत्तर आलं.

“मग घरीही सांगा.”

*

जिल्ह्याला परत येऊन दोन्ही फिल्म आणि तो कागद पुढे ठेवला. आधीचं उत्तर चुकीचं होतं, तेही लिहून दिलं. डॉक्टरांनी सगळं वाचलं आणि दाखल्यावर सही-शिक्का केला. तो दिवस रमजानच्या आदल्या आठवड्यातला. अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही बाहेर पडलो.

पुढे हाजींचं प्रशिक्षण आणि लसीकरणाचं शिबिर झालं. पांढऱ्या दाढीचे आजोबा पोलिओचे थेंब घ्यायला लहान मुलासारखे आ करून बसले, तेव्हा सगळेच हसले. मेंदूज्वराची लस का, हे मास्तरांनी समजावून सांगितलं. १९८७ साली हजच्या काळात मेंदूज्वराची मोठी साथ आली, तेव्हापासून ही लस सक्तीची झाली. २००० साली दुसऱ्या प्रकारच्या जंतूमुळे पुन्हा साथ आली, म्हणून आता चार प्रकारांवर चालणारी लस देतात, आणि ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. हे ऐकून लोकांनी माना डोलावल्या. पण मास्तरांना दिसत होतं की आरोग्याच्या कागदावर बहुतेकांनी सगळीकडे ‘नाही, नाही, नाही’ लिहिलं आहे.

तेव्हा ते उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मला टीबी झाला होता. मीही ‘नाही’च लिहिलं होतं.” आणि तुम्ही आता वाचलीत ती सगळी गोष्ट त्यांनी सांगितली.

सभागृह गप्प झालं. शिबिर संपल्यावर मात्र एकेक जण बाजूला येऊ लागला. एकांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता. मुलांनी नाव कापलं जाईल म्हणून लिहू दिलं नव्हतं. एका आपांना फिट्स येत होत्या. एक चाचा इन्सुलिन घेत होते आणि ते थंड ठेवावं लागतं, हे तिकडे कुणाला सांगायचं, या काळजीत होते. तिघांचे कागद नीट झाले, तिघंही तपासून गेले, तिघंही हज करून सुखरूप परतले. इन्सुलिन ठेवायची सोय मास्तरांनी इमारतीत पहिल्याच दिवशी करून दिली.

हे लिहिण्याचं कारण एवढंच. सौदी आरोग्य खात्याच्या अटी आता कडक आहेत. डायलिसिसवर असलेले, गंभीर हृदयविकार किंवा सतत प्राणवायू लागणारा फुप्फुसाचा आजार असलेले, कर्करोगाची केमोथेरपी चालू असलेले, संसर्ग पसरवणारा क्षय असलेले, अशांना परवानगी मिळत नाही. काहींना ते निर्दयपणाचं वाटतं. पण मक्केपासून मिना सुमारे सात किलोमीटर, अरफात सुमारे वीस. २०२४च्या हजमध्ये पारा ५० अंशांच्या वर गेला आणि १,३०० हून अधिक माणसं दगावली. त्यांतली बरीचशी परवान्याविना आलेली होती. त्यांना तंबूची सावली नव्हती, की बस नव्हती. कुरआनात हज फर्ज केला आहे तोच ऐपत असलेल्यावर, आणि ऐपतीत शरीरही येतं. ज्याचं शरीर आज साथ देत नाही त्याच्यावर अल्लाहनं सक्ती केलेली नाही, मग आपण खोटा कागद करून स्वतःवर का करावी? आणि पुष्कळदा, आमच्यासारखंच, खरं सांगून तपासलं तर वाट मोकळीच असते.

तेव्हा वाचकांपैकी जे हजला किंवा खिदमतीला जाणार असतील त्यांनी जुने रिपोर्ट, जुन्या फिल्म, ऑपरेशनचे कागद टाकून देऊ नयेत. जे झालं ते डॉक्टरला सांगावं, घरच्यांना सांगावं. घेत असलेल्या गोळ्यांची नावं एका चिठ्ठीवर लिहून गळ्यातल्या ओळखपत्राच्या पाकिटात ठेवावी. आणि घरात सून येणार असेल, जावई येणार असेल, तर बरा झालेला आजार सांगायला लाजू नये.

मास्तर परतले तेव्हा अम्मींनी त्यांना आधी डोळे भरून पाहिलं, मग विचारलं, “खोकला नाही ना रे?” २९ वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं विचारला होता. सून चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “नाही अम्मी, मी तपासलंय.” ती फिल्म आता पेटीच्या तळाला नसते. आमच्या कपाटात, बाकीच्या दाखल्यांच्या फाइलमध्ये आहे. ज्यांच्या घरात अशी एखादी पेटी असेल, त्यांना ती उघडण्याची हिंमत अल्लाह देवो. आमीन.